घड्याळवालीचे चौदा नकार

गेल्या महिन्यात मी चार बायकांच्या मागे लागलो, आणि तेही भाचीच्या सांगण्यावरून. हे वाक्य मी आधी ऑफिसात म्हणून पाहिलं. तिथे ते कुणाला फारसं रुचलं नाही, म्हणून इथे पहिल्यापासून नीट सांगतो.

भाची म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. ती कॉम्प्युटरवरचे गेम बनवते. एकटीच बनवते; चित्रं तिची, संवाद तिचे, आणि गेममधलं मांजर म्यांव करतं तो आवाजसुद्धा तिचाच. एका बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"मामा, माझा नवा गेम तपासून देशील? सगळा शेवटपर्यंत खेळायचा आणि चुका लिहून काढायच्या."

"अगं, मला ती मारामारी जमत नाही."

"मारामारी नाहीच. व्हिज्युअल नॉव्हेल आहे. डेटिंग सिम."

"म्हणजे काय करायचं?"

"वाचायचं आणि प्रेम करायचं."

"मग मारामारीच बरी."

"मामा, माझ्या ओळखीत औषधाच्या खोक्यातला कागद दोन्ही बाजूंनी वाचणारा तू एकटाच आहेस."

हे मात्र खरं आहे. मी आवक-जावक कारकून. ऑफिसात येणारा प्रत्येक कागद माझ्या हातून आत जातो आणि जाणारा प्रत्येक कागद माझ्याच हातून बाहेर पडतो. मधल्या काळात त्याचं काय होतं ते कुणालाच माहीत नाही. बावीस वर्षं मी कागदावर नंबर टाकतो, तारीख टाकतो, "पाहिले" असं लिहितो आणि सही ठोकतो. माझ्या वाचनाची अशी जाहीर स्तुती पूर्वी कुणी केली नव्हती. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि "हो" म्हणालो.

नेमका मी "हो" म्हणत असताना बायको घरात आली. ती हॉलमधल्या दिव्याखाली उभी राहिली आणि म्हणाली, "कसं दिसतंय?"

आता, त्याच दिवशी सकाळी सुतार येऊन पुस्तकांची एक फळी ठोकून गेला होता, आणि ती फळी बरोबर तिच्या डोक्यामागे होती. मी फोन कानाला तसाच ठेवून फळीकडे बघितलं. एक डोळा मिटूनही बघितलं. मग म्हणालो, "डावीकडे तिरपं झालंय. ज्याने केलं त्याला बोलावून परत करून घे."

बायको "बरं" म्हणाली आणि आत गेली.

वीस वर्षं कमरेपर्यंत वाढवलेले केस ती त्या दिवशी मानेपर्यंत कापून आली होती. हे मला दहाव्या दिवशी कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं वाचताना तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे असाल. (घरी आणि ऑफिसात सगळेच असतात.)

तेव्हापासून तिने अबोला धरला. तो तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आला. आधीचे दोन दिवस घरात इतकी छान शांतता का आहे म्हणून मी खूश होतो.

बायकोबद्दल थोडं सांगायला हवं. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. अकरा वर्षं तो ब्रेक तिच्या पायाखाली आहे, आणि तिचा पाय घरीही त्याच जागी असतो, असा माझा संशय आहे. मी तावातावाने काही बोलायला लागलो की ती नुसता उजवा पाय हलवते आणि मी थांबतो. तिच्या हाताखालून शेकडो लोक गाडी शिकून गेले. मला अजून येत नाही. (घरचा वैद्य आणि गावाला औषध, तसलं काहीतरी.)

तर तिच्या स्कूलचे मालक चार तासांवरच्या एका गावात नवी शाखा काढत होते आणि ती शाखा तिने सांभाळावी असं त्यांच्या मनात होतं. हे दोन महिने चाललं होतं. "जाऊ का?" असं तिने मला तीनदा विचारलं होतं. मी तीनदा काहीतरी उत्तर दिलं होतं. काय दिलं होतं ते मला आठवत नव्हतं, पण दिलं होतं नक्की, कारण माझ्याकडे आलेलं पत्र मी कधी अनुत्तरित ठेवत नाही.

अबोल्यातही संसार चालावा लागतो. त्यासाठी आमच्याकडे फ्रिजच्या दारावर चिठ्ठ्या लावायची पद्धत आहे. "सिलिंडर सांगितला आहे." "दूध उतू गेलं. तुम्ही समोर बसला होतात." अशा. मी त्या वाचतो, आणि हाताची सवय जाणार कुठे, कोपऱ्यात नंबर टाकतो. त्या महिन्यात आकडा एकशे चाळीसच्या पुढे गेला होता.

इकडे गेम सुरू झाला. सकाळी साडेसहाला बायको पहिल्या बॅचला बाहेर पडली की मी चहाचा कप घेऊन लॅपटॉपपुढे बसायचो. गेममध्ये तुम्ही एका छोट्या गावात नवे पोस्टमन म्हणून येता. (हे मला एकदम पटलं. शेवटी तीही जावकच.) गावात चार जणी असतात: ग्रंथपाल, औषधवाली, माळीण आणि घड्याळं दुरुस्त करणारी घड्याळवाली. तीस दिवसांत त्यांच्यापैकी एकीचं मन जिंकायचं. चित्रातली बाई काहीतरी बोलते, खाली तीन उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं. उत्तर बरोबर आलं तर कोपऱ्यात एक लाल बदाम वाढतो, चुकलं तर कमी होतो. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे बोलायच्या आधी गेम "सेव्ह" करून ठेवता येतो. उत्तर चुकलं की मागे जाऊन पुन्हा बोलायचं. असं बटण लग्नाच्या वेळी वधूवरांना का देत नाहीत, हे मला कळत नाही.

ग्रंथपाल बाई तिसऱ्याच दिवशी माझ्या प्रेमात पडल्या. मी त्यांना लिंबाचं रोप दिलं आणि पाच बदाम खाडकन वाढले. औषधवाली सहाव्या दिवशी लाजली. माळणीने अकराव्या दिवशी मला बागेच्या फाटकाची किल्ली दिली. मी लॅपटॉप मिटून आरशासमोर जाऊन उभा राहिलो. पोट आत घेतलं, बाजूने बघितलं. आपल्यात काहीतरी आहे आणि ते आजवर ऑफिसात वाया गेलं, याबद्दल माझी खात्री पटली.

मग घड्याळवालीकडे गेलो आणि तोंडावर आपटलो.

ही बाई डोळ्याला भिंग लावून बसलेली. मी विचारपूस केली की म्हणायची, "तुम्ही ऐकताय, का नुसतीच मान हलवताय?" मी सगळ्यात समजूतदार वाटणारं उत्तर निवडायचो आणि बदाम कमी व्हायचा. बदाम शून्याच्या खाली जातात हे मला तिच्यामुळे कळलं. कसाबसा पंचविसाव्या दिवसापर्यंत पोचलो की ती भिंग काढून ठेवायची आणि विचारायची, "मला लांबच्या गावात दुकान काढायला बोलावलंय. जाऊ का?"

खाली तीन उत्तरं:

"तुला योग्य वाटेल ते कर."

"तिथे पाणी दिवसातून किती वेळा येतं?"

"आधी जेवून घेऊ."

पहिलं मला अतिशय थोर वाटलं. मी ते निवडलं. ती बॅग घेऊन बसस्टॉपवर गेली आणि पडद्यावर "समाप्त" आलं. दुसऱ्या वेळी पाण्याचं विचारलं. (महत्त्वाचा मुद्दा आहे हो.) ती बॅग घेऊन बसस्टॉपवर गेली. तिसऱ्यांदा जेवूनही घेतलं. ती जेवली आणि बॅग घेऊन बसस्टॉपवर गेली.

मी हट्टाला पेटलो. प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवू लागलो. नोंद मला साधी जमतच नाही, म्हणून ऑफिसातलं एक जुनं कोरं रजिस्टर घेतलं आणि रकाने आखले. "घड्याळवाली. विनंती क्र. ९. उत्तर: जेवून घेऊ. निकाल: नकार. शेरा: बाई ऐकत नाहीत." डब्याच्या सुट्टीत हे लिहीत बसलो असताना मोठे साहेब मागे येऊन उभे राहिले.

"घड्याळवाली? नऊ वेळा नकार?"

"हो साहेब," मी उठून उभा राहिलो.

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ते दोन वर्षांपासून सव्वाचारवर थांबलं होतं. "तुम्ही एवढा पाठपुरावा करताय? मला कुणी बोललं नाही."

"साहेब, ते जरा खाजगी..."

"खाजगी दुकान आहे म्हणूनच माजलेत. नऊ नकार म्हणजे हद्द झाली. हिला सोडा, दुसरी बघा."

"साहेब, बाकीच्या तिघी तयार आहेत. पण मला हीच पाहिजे."

साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "काम असं मनापासून करणारी माणसं राहिली नाहीत," ते म्हणाले आणि गेले.

दरम्यान घरचा अबोला वाढत चालला होता आणि मला एक जबरदस्त कल्पना सुचली. गेममध्ये जे चालतं ते घरी का चालू नये? मी त्याच दिवशी रोपवाटिकेतून लिंबाचं रोप आणलं आणि बायकोच्या हातात दिलं. तिने ते गॅलरीत नेऊन ठेवलं. बदाम काही दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं आणलं. दुपारी तिसरं, संध्याकाळी चौथं आणलं. तिसऱ्या दिवशी फ्रिजवर चिठ्ठी होती: "गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. काय लोणच्याचा कारखाना काढायचाय?"

आठवड्यातलं सगळ्यात लांब वाक्य! मी मनातल्या मनात एक बदाम वाढवला आणि चिठ्ठीवर नंबर टाकला.

बोलण्याआधी मनात तीन उत्तरं मांडायची, हाही प्रयोग करून पाहिला. ती बुटात पाय घालत असायची आणि मी समोर उभा राहून एक, दोन, तीन असे पर्याय जुळवत असायचो. माझे पर्याय तयार होईपर्यंत ती दुसऱ्या बॅचला पोचलेली असायची.

सोमवारी फ्रिजवर वेगळी चिठ्ठी होती. "शाखेचं शुक्रवारी दहा वाजता सांगायचं आहे. तुमचं काय म्हणणं?"

इथे माझ्या हातून जे झालं ते माझ्या शत्रूच्याही हातून होऊ नये. झालं असं, की घड्याळवाली पंचविसाव्या दिवसावर माझी वाट बघत होती. दहाव्या प्रयत्नात होतो मी. डोकं तिकडे आणि हात इकडे. हाताने खिशातलं पेन काढलं, कोपऱ्यात "आवक क्र. १५३" टाकलं, तारीख घातली आणि खाली लिहिलं, "पाहिले. योग्य त्या कार्यवाहीस हरकत नाही." आणि सही केली. पूर्ण सही, खालच्या दोन रेघांसकट.

संध्याकाळी ती चिठ्ठी फ्रिजवर नव्हती. मी समजलो, प्रकरण निकाली निघालं.

शुक्रवार उजाडला. बायको साडेसहाला गेली. मी चौदावा प्रयत्न केला. आता तर उत्तरं डोळे मिटून निवडली. घड्याळवाली बॅग घेऊन बसस्टॉपवर गेली. मला खरंच राग आला. मी भाचीला फोन लावला.

"तुझ्या गेममध्ये गंभीर चूक आहे. घड्याळवालीच्या गोष्टीला चांगला शेवटच नाही. मी सगळी उत्तरं सगळ्या प्रकारे देऊन बघितली. काहीही म्हणा, ती जातेच."

भाची म्हणाली, "मामा, ती चूक नाही. तिथलं बरोबर उत्तर मला मिळालेलंच नाही अजून."

"मिळालेलं नाही म्हणजे? तू लिहितेस ना?"

"बाकीच्या तिघी मी लिहिल्या. म्हणून त्या रोपटं दिलं की खूश होतात. घड्याळवाली मामीने सांगितली."

"कुठल्या मामीने?"

"मामा, मला मामी किती आहेत?"

मी खुर्चीत बसलो. (आधीच बसलेलो होतो, तरी परत बसलो.)

"दोन महिने मी तिला फोन करून विचारत होते," भाची म्हणाली. "म्हटलं, मामी, माणसाने कसं बोललं म्हणजे बाईचं डोकं उठतं? ती म्हणाली, लिहून घे. मी चाळीस पानं लिहून घेतली. त्यातली सगळी चुकीची उत्तरं तुझी आहेत."

"सगळी?"

"सगळी. ते दुकानाचं तिने तुला तीनदा विचारलं ना, शाखेचं? तू तीन उत्तरं दिलीस. तीच तीन ठेवलीत मी, शब्दाला शब्द. पाण्याचं मला वाटलं फारच होतंय, पण ती म्हणाली राहू दे."

"आणि बरोबर उत्तर?"

"ते पण विचारलं. ती म्हणाली, मिळालं की कळवते." भाचीचा आवाज जरा खाली आला. "सोमवारी तिने एका चिठ्ठीचा फोटो पाठवला. 'पाहिले. योग्य त्या कार्यवाहीस हरकत नाही.' ते चौथं म्हणून घालू का?"

चौदा वेळा त्या बाईला बसस्टॉपवर पाठवताना मला बाईचा राग येत होता, आणि प्रत्येक वेळी तिला तिकडे पाठवणारी वाक्यं माझीच होती.

"आणि मामा, तिने केस कापलेत."

"कुणी?"

"मामीने! बुधवारी, दहा दिवसांपूर्वी. तुला विचारलं तर तू म्हणालास डावीकडे तिरपे झालेत. मी फोनवर होते, मी ऐकलंय."

तेव्हा मला उलगडा झाला की बाथरूमच्या जाळीत केस अडकायचे का थांबले होते. मी त्याचं श्रेय प्लंबरला दिलं होतं. त्याचं फोन करून कौतुकही केलं होतं.

घड्याळात पावणेनऊ झाले होते. दहा वाजता ती मालकांना सांगणार होती. मी चपला घातल्या (दोन्ही डाव्या निघाल्या नाहीत, हे त्या दिवसातलं एकमेव यश) आणि धावत सुटलो. स्कूलच्या काउंटरवरची बाई म्हणाली, "मॅडम रस्त्यावर आहेत, दाताच्या डॉक्टरांना घेऊन. दहाला परत येतील." मी पुन्हा धावलो. बाजाराच्या रस्त्याला लागलो तर समोर शिकवणीची गाडी चालली होती, डोक्यावर लाल पाटी घेऊन. डॉक्टर इतक्या बेताने चालवत होते की मी दमून चालायला लागलो आणि चालतच गाडी गाठली. मागचं दार उघडून आत बसलो.

"दार उघडलं! मॅडम, दार उघडलं!" डॉक्टर किंचाळले. "कोण आहे?"

"माहितीतले आहेत," बायको समोर बघत म्हणाली. "तुम्ही आरसा बघा."

"आरशात तेच दिसतायत!"

"मग रस्ता बघा. आणि त्यांना सांगा, पट्टा लावा."

"पट्टा लावा हो," डॉक्टर मला म्हणाले. "पट्ट्याशिवाय मॅडम कुणाचं ऐकून घेत नाहीत."

मी पट्टा लावला. समोर तिची मान दिसत होती. वीस वर्षांत ती मान मी बघितली नव्हती. तिथे कायम वेणी असायची. मानेवर डाव्या बाजूला एक तीळ आहे, हेही मला माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं आणि सवयीप्रमाणे मनात तीन उत्तरं आली. तुला योग्य वाटेल ते कर. तिथे पाणी किती वेळा येतं. आधी जेवून घेऊ. माझ्याकडे चौथं नव्हतंच.

"मी... शाखेबद्दल..." मी म्हणालो.

"डॉक्टर, पुढच्या वळणाला डावीकडे घ्या," बायको म्हणाली. "आणि त्यांना सांगा, त्यांचं उत्तर लेखी आलेलं आहे."

"लेखी आलंय म्हणतायत," डॉक्टर म्हणाले.

"ते रद्द समजा! ते हाताने लिहिलं, मी नाही लिहिलं."

"हात कुणाचा होता ते विचारा."

"हात कुणाचा होता?" डॉक्टरांनी विचारलं. मग स्टीअरिंगला मिठी मारल्यासारखे पुढे वाकून म्हणाले, "हे बघा, मी तुम्हाला डॉक्टर म्हणून सांगतो. आत दुखत असेल तर वरवर घासून उपयोग नसतो. आ करा आणि एकदाचं होऊन जाऊ द्या."

मग मी आ केला. "मला करमणार नाही गं," मी म्हणालो. "दहा दिवस तू बोलली नाहीस तर मला वेड लागायची पाळी आली. मी चित्रातल्या बायकांशी बोलत होतो. तू सकाळी मोठ्याने पेपर वाचतेस आणि मी म्हणतो हळू वाच, ते हळू नको वाचूस. तू जा. तुझ्यासारखं शिकवणारं दुसरं कुणी नाही, तू जायलाच पाहिजेस. पण तू मला विचारलंस म्हणून सांगतो. तू गेलीस तर मला अजिबात करमणार नाही. आणि केस फार छान दिसतात."

गाडी कचकन थांबली. तो ब्रेक तिच्या पायाने लागला की डॉक्टरांच्या, याचा उलगडा आजवर झालेला नाही. मागे तीन हॉर्न वाजायला लागले.

बायकोने मागे वळून बघितलं. "कधी दिसले केस?"

"आत्ता," मी म्हणालो. "मागून."

"भाचीने सांगितलं ना?"

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. "हो," मी म्हणालो. "तिने सांगितलं की कापलेत. छान दिसतात हे माझं मला दिसलं."

"आणि ते तिरपे?"

"ती फळी होती गं! फळी तिरपी आहे. अजूनही आहे."

तिने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. ती हसत होती का रडत होती ते मागच्या सीटवरून कळेना. "मी परवानगी मागत नव्हते हो," ती म्हणाली. "जायचं तर माझं ठरलंच होतं. पूर्ण आठवडा तिथे राहायचं, की चार दिवस राहून घरी यायचं, एवढंच उरलं होतं. ते तुम्हाला काय वाटतं त्यावर होतं."

"मग?"

"मॅडम," डॉक्टर म्हणाले, "मागचे लोक उतरून यायला लागलेत."

"येऊ देत. चार दिवस," बायको म्हणाली. "पहिला गिअर टाका."

तर आता ती सोमवारी जाते आणि गुरुवारी रात्री येते. मधे एका शनिवारी तिने मला शिकवणीच्या गाडीत बसवलं, म्हणजे कधी तिकडे यावंसं वाटलं तर मला बसची वाट बघायला नको. डॉक्टर माझ्यापेक्षा वेगात चालवायचे, असं तिचं मत पडलं. लिंबाची तीन रोपं तिने नव्या शाखेत नेऊन ठेवली.

गेम गेल्या आठवड्यात लोकांसाठी खुला झाला. घड्याळवालीला आता चांगला शेवट आहे. तिने "जाऊ का?" विचारलं की खालच्या तिन्ही उत्तरांपैकी एकही न निवडता मिनिटभर गप्प बसायचं, तिच्याकडे नुसतं बघत राहायचं. मग चौथं उत्तर आपोआप येतं: "मला करमणार नाही." मी पंधराव्यांदा खेळायला बसलो. सगळं माहीत असूनही चाळिसाव्या सेकंदाला माझ्याकडून पाण्याचं विचारलं गेलं आणि ती बसस्टॉपवर गेली.

शेवटी नावांची यादी येते. चित्रे आणि संगीत, भाची. घड्याळवालीचे संवाद, मामी. आणि सगळ्यात खाली, "चुकीची उत्तरे (सर्व): मामा." छापून येणं ते येणंच. मी त्या पडद्याचा फोटो काढून ऑफिसात दाखवला.

परवा शुक्रवारी सकाळी उठलो तर फ्रिजवर एक कागद होता. गेम खेळलेल्या कुणा अनोळखी बाईने लिहिलेला अभिप्राय बायकोने छापून लावला होता. "गेम सुंदर आहे. घड्याळवाली तर अगदी खरी वाटते. फक्त चुकीची उत्तरं फार अतिशयोक्त झाली आहेत. इतका मठ्ठ माणूस प्रत्यक्षात असूच शकत नाही." खाली बायकोच्या अक्षरात "आवक क्र. १५४" होतं, तारीख होती, आणि दोन रेघांच्या सहीवर दोनच शब्द होते: "पाहिला आहे."